एकाच डांबरावर चार रस्ते : नगर-मनमाड मार्गाचा आढावा

नगरकर आपले रस्ते दिशेने ओळखतात. पुणे रोड, कल्याण रोड, औरंगाबाद रोड, पाथर्डी रोड, जामखेड रोड, सोलापूर रोड, दौंड रोड आणि मनमाड रोड. सरकारदरबारी त्यांना क्रमांक आहेत, ते दर काही वर्षांनी बदलतात आणि दगडावर रंगवण्यापलीकडे त्यांचा कुणाला उपयोग होत नाही. मनमाड रोड बरीच वर्षे राज्यमार्ग १० होता. आता नगरपासून शिर्डीच्या पुढे सावळीविहिरीपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग १६० आहे आणि तिथून कोपरगाव, येवला, मनमाडकडे जाणारा तुकडा ७५२ जी. शहराचे आणि जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पण गाडी कुठे निघाली असे विचारले, तर उत्तर आजही ‘मनमाड रोडला’ असेच येते.

जिल्ह्यात या रस्त्याइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याच रस्त्याची होत नाही. खड्डे, अपघात, अर्धवट सोडलेली कामे, उपोषणे, रास्ता रोको, आश्वासने, नवी निविदा आणि पुन्हा खड्डे. चर्चा बहुतेक वेळा एका प्रश्नावर येऊन थांबते : दोष ठेकेदाराचा की पुढाऱ्याचा? दोघांचाही आहे, हे नगर जिल्ह्यात कुणाला पुराव्यानिशी पटवून द्यावे लागत नाही. मात्र एवढ्यावर थांबले तर हा रस्ता पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा का उखडतो, ते कळत नाही. त्यासाठी त्यावरून कोण जाते आणि ते तिथे का आले, हे आधी पाहावे लागते.

इतिहासात हा काही नगरचा मानाचा रस्ता नव्हता. मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवले तेव्हापासून नगरचा उत्तरेशी मुख्य संबंध राहिला तो ईशान्येच्या वाटेने, म्हणजे गोदावरीकाठच्या टोक्यावरून औरंगाबाद, अजिंठ्याचा घाट आणि बुऱ्हाणपूर. मोगल फौजा आल्या-गेल्या त्या प्रामुख्याने त्या बाजूने. १७०७ मध्ये औरंगजेब नगरला वारला आणि त्याला खुलताबादला नेले, तेही त्याच दिशेने. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे निघालेल्या त्याच्या फौजेने गोदावरी ओलांडली ती टोक्यालाच. मनमाडकडची वाट खानदेशात जाणारी दुय्यम वाट होती. तिच्यावर अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्यांची नजर असे. कोपरगावला पेशवाईत वजन आले ते राघोबादादांमुळे. त्यांचे अखेरचे दिवस तिथे गेले आणि १७८३ मध्ये त्यांचा अंतही तिथेच झाला. पण वाडे बांधले गेले म्हणून रस्ता मोठा होत नाही.

तो मोठा होऊ लागला मनमाडमुळे. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नाशिकवरून भुसावळकडे गेली आणि माळरानावरचे मनमाड एकदम मुंबईशी जोडले गेले. नगरच्या मालाला समुद्राकडे जायला उत्तरेचे दार मिळाले. पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले गेले आणि १८७८ मध्ये ही रेल्वे सुरू झाली. लांबचा माल बैलगाड्यांवरून उतरून रुळांवर गेला.

इथे एक गोष्ट घडली, तिचे परिणाम आजवर चालू आहेत. रेल्वे आणि रस्ता दोन्ही नगरहून निघून मनमाडलाच पोहोचतात, पण मधल्या पट्ट्यात ते एकमेकांपासून दूर जातात. रेल्वे वांबोरीवरून, राहुरी गावाला बाजूला ठेवून, आजच्या श्रीरामपुरातल्या बेलापूर स्टेशनवरून पुणतांब्याकडे जाते. रस्ता मात्र राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी असा पश्चिमेकडून जातो. श्रीरामपूर वाढले ते स्टेशनभोवती. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता वाढली ती फाट्याभोवती. या गावांना रेल्वे जवळ नव्हती, म्हणून त्यांचे सगळे ओझे रस्त्यावर पडले. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळायला २००९ उजाडले, तेही पुणतांब्यावरून काढलेल्या फाट्याने.

रस्त्याचे खरे भाग्य, किंवा दुर्भाग्य, पाण्याने ठरवले. नगर जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुष्काळ येतो आणि दक्षिणेच्या तालुक्यांपुरते ते खरेही आहे. पण विळदचा छोटा घाट ओलांडून उत्तरेकडे गेले की हळूहळू चित्र पालटते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे बारमाही बळकट झाले. त्याच्या आगेमागे दारणा आणि नांदूर मधमेश्वरमुळे गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे आले. १९७० च्या दशकात मुळा धरणाचे, म्हणजे ज्ञानेश्वर सागराचे, पाणी राहुरी-नेवाशाला मिळू लागले. मुळा, प्रवरा आणि गोदावरी या तिन्ही नद्या हा रस्ता आडव्या ओलांडतो : राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा, कोपरगावला गोदावरी. राज्यातल्या फार थोड्या रस्त्यांना शंभर किलोमीटरच्या आत तीन नद्यांची लाभक्षेत्रे लागतात.

पाणी आले तसा ऊस आला आणि उसामागे कारखाने. आधी हरिगावची बेलापूर शुगर आणि टिळकनगर हे खासगी कारखाने. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीला उभा केलेला सहकारी कारखाना. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढच्या दोन दशकांत राहुरी, कोपरगाव, संजीवनी, गणेश अशी रांगच लागली. हे सगळे मनमाड रोडच्या अंगाला किंवा त्याच्या फाट्यांच्या टोकाला आहेत. राहुरीच्या पुढे देवळालीजवळ तर ‘राहुरी फॅक्टरी’ हेच गावाचे नाव होऊन बसले. १९६८ च्या सुमारास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर याच रस्त्यावर आला. त्यापाठोपाठ दूधसंघ, शीतगृहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. विळद घाटातला शैक्षणिक परिसरही याच ओळीतला. सहकारातून शिक्षण आणि शिक्षणातून सत्ता हा जिल्ह्याचा प्रवास या रस्त्याने जाताना खिडकीतून दिसतो. इतके मंत्री, खासदार आणि कारखान्यांचे अध्यक्ष ज्या रस्त्याच्या काठी राहतात, त्याची अशी दशा व्हावी, हा प्रश्न मग लोकांना पडतोच.

आता या रस्त्यावरून एकाच वेळी काय काय चालते ते पाहू. माझ्या मते इथे चार वेगवेगळे रस्ते आहेत, एकाच डांबरावर घातलेले.

पहिला उसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोळी टाकून गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत, कधी त्याही पुढे, रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या आणि उंच भरलेले ट्रक उतरतात. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. मोठ्या आवाजात गाणी लावलेल्या ट्रॅक्टरला मागून हॉर्न ऐकू येत नाही. या वाहनांना लांब जायचे नसते. शेतातून निघून पाच-दहा किलोमीटर हमरस्त्यावर चालायचे आणि कारखान्याच्या फाट्याला वळायचे. त्यांना हवा आहे कडेचा संथ रस्ता आणि तो बहुतेक ठिकाणी नाही.

दुसरा शिर्डीचा. साईबाबांची समाधी १९१८ ची. गावाचे तीर्थक्षेत्र हळूहळू झाले आणि मग एकाएकी प्रचंड झाले. पुण्याकडून, सोलापूरकडून, कर्नाटक-तेलंगणातून येणारा भक्त बहुधा नगरवरून येतो. त्याच फेरीत शनिशिंगणापूर करायचे म्हणून राहुरीवरून सोनईकडे वळणाऱ्या गाड्या वेगळ्या. गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि वर्षाअखेर असे गर्दीचे पंचांग ठरलेले आहे. शिवाय पायी येणाऱ्या पालख्या. भल्या पहाटे अंधारात साइडपट्टीवरून चालणारे पदयात्री आणि शेजारून जाणारा सोळा चाकी ट्रक हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला या रस्त्याचा धोका वेगळा समजावून सांगायला नको. सिन्नर-शिर्डी रस्त्याच्या चौपदरीकरणात पदयात्रींसाठी स्वतंत्र मार्गाची सोय धरली गेली. दक्षिणेकडून चालत येणाऱ्यांसाठी तो विचार झाला नाही.

तिसरा रस्ता शहराचा. सावेडी हे कधीकाळी नगरबाहेरचे खेडे होते आणि निजामशाहीच्या काळात त्या बाजूला महाल, बागा आणि शहराला पाणी पुरवणारे खापरी नळ होते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शहर किल्ल्याकडे पाठ करून उत्तरेला सरकले. पत्रकार चौक, प्रेमदान चौक, झोपडी कॅन्टीन, सावेडी नाका, मग सीना नदीवरचा नागापूरचा पूल आणि त्यापलीकडे औद्योगिक वसाहत असा सगळा विस्तार मनमाड रोडला धरून झाला. पाइपलाइन रोड हे नावसुद्धा या बाजूच्या वाढीची खूण आहे. शहराचे पिण्याचे पाणी मुळा धरणातून विळदमार्गे वसंत टेकडीला येते आणि त्यामुळे रस्त्याचे काम निघाले की जलवाहिनी फुटण्याची बातमीही मागोमाग येते. पाळी सुटण्याच्या वेळेला नागापूरच्या पुलावर कामगारांच्या दुचाकी, शाळेच्या बस, भाजीचे टेंपो आणि मालाचे ट्रेलर एकत्र होतात. इथे तो महामार्ग असतो तो कागदावरच, व्यवहारात ती उपनगरातली बाजारपेठ असते.

चौथा रस्ता सर्वांत मोठा, आणि जिल्ह्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आग्रा-मुंबई महामार्गाने इंदूर, सेंधवा, धुळे, मालेगाव असा खाली आलेला ट्रक दक्षिणेत जायचा असेल तर तो मुंबई-पुण्याच्या वाटेला जात नाही. मालेगावहून मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, नगर आणि तिथून सोलापूर किंवा दौंडकडे तो वळतो. उत्तर भारत आणि सोलापूर, विजयपूर, बंगळूर, हैदराबाद यांच्यामधली ही सरळ वाट आहे. मनमाडजवळ पानेवाडीचे तेलडेपो आहेत, त्यांचे टँकर आहेत. येवला-लासलगावचा आणि नगरच्या नेप्ती बाजाराचा कांदा आहे. सिमेंट, लोखंड, राजस्थानी फरशी, दक्षिणेतून वर जाणारे नारळ आणि फळे आहेत. हा ट्रकवाला नगर जिल्ह्यात चहाला थांबतो आणि टायर बदलतो, त्यापलीकडे त्याचे इथे फारसे काही नाही. पण रस्त्याचे आयुष्य तोच ठरवतो.

हे कसे, ते आकड्याने सांगता येते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर मोजून-मापून ट्रक फिरवून प्रयोग केला गेला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभरचे अभियंते वापरतात : आसावरचे वजन जितक्या पट वाढते, त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज सोळा पट. म्हणून मोटारी कितीही गेल्या तरी भक्कम रस्त्याला फारसे काही होत नाही, एक भरलेला ट्रक हजारो मोटारींइतके काम करून जातो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मालवाहतूक स्वस्त व्हावी म्हणून ट्रकची वजनमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन चालत, ते ११.५ टन झाले. वाढ दिसायला जेमतेम पावणेतेरा टक्के. चौथा घात काढला की झीज साधारण १.६ पट निघते. वाढीव मर्यादेची घोषणा दिल्लीत झाली, पण जुन्या रस्त्यांची जाडी काही त्या दिवशी वाढली नाही. आणि ही झाली कायद्यातल्या वजनाची गोष्ट. मर्यादेबाहेर भरलेल्या ट्रकांचा आणि ठासून भरलेल्या उसाच्या ट्रॉल्यांचा हिशेब त्यात नाही.

त्यात खालची जमीन काळी. विळदच्या आसपास मुरूम लागतो, पण राहुरीपासून पुढे बराचसा पट्टा खोल काळ्या मातीचा आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. रस्ता तिच्यावर ठेवायचा तर खालून चांगला मुरूम, योग्य जाडीचा थर आणि दोन्ही बाजूंनी वाहती गटारे लागतात. इतरत्र पावसाचे चार महिने ही काळजी करावी लागते. इथे कालव्याचे आवर्तन सुटले की रब्बीत आणि उन्हाळ्यातही शेजारच्या शेतात पाणी असते, चाऱ्या पाझरतात, फाट्यावरच्या हॉटेलांचे सांडपाणी रस्त्याकडेला साचते. बाजूची गटारे जिथे होती तिथे दुकानांच्या पायऱ्या आणि मुरमाचे भराव आले. पाणी जायला वाट नाही, म्हणून ते रस्त्याच्या पोटात शिरते. वरून ट्रक दाबतो, खालून माती फुगते आणि डांबर मधल्या मध्ये फुटते. पॅचवर्क म्हणजे फुटलेल्या जागी वर चिकटवलेला तुकडा. पोट ओले असेल तर तो पहिल्या जोरदार पावसात निघून जातो आणि खड्डा होता त्यापेक्षा मोठा होतो. नगर जिल्ह्यात ज्याला ‘रस्त्याची चाळण’ म्हणतात, तिच्यामागे हे गटार आहे. ते कुणाच्या भाषणात येत नाही, कारण गटाराचे उद्घाटन होत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९४३ च्या नागपूर परिषदेत देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्राम अशी प्रतवारी ठरली. त्यात हा रस्ता राज्याच्या वाट्याला आला आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने तो वर्षानुवर्षे सांभाळला, बरा-वाईट. (शेजारच्या पुणे रोडचे भाग्य वेगळे : १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली ती त्याच्यावरून. मनमाड रोडला असा मान कधी मिळाला नाही.) पुढे बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावरची लाट आली. या मार्गाचेही त्या पद्धतीने चौपदरीकरण झाले, टोलनाके बसले. खासगीकरणातल्या रस्त्यांची एक अडचण राज्यभर दिसली. करारात वसुलीची मुदत लांब असते आणि देखभालीची व्याख्या पातळ. खड्ड्यातून जाऊन टोल भरायचा, याचा संताप महाराष्ट्रभर साचत गेला. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली, त्यामागे हा संताप होता. नाके कमी झाले, ते चांगलेच. पण ज्या ट्रकमुळे रस्ता झिजतो त्याच्याकडून झिजेचा पैसा घेऊन तो त्याच रस्त्यावर खर्च करण्याची सोय मात्र नीट बसली नाही.

मग रस्ता केंद्राकडे गेला. राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला. प्रत्यक्षात काही वर्षे त्याचा परिणाम उलटा झाला. राज्याचे खाते म्हणे, आता तो आमचा नाही. केंद्राची यंत्रणा म्हणे, निविदा निघेपर्यंत थांबा. अशा मधल्या काळात रस्त्याला मालक नसतो. नगरच्या बाह्यवळणापासून सावळीविहिरीपर्यंतच्या सुमारे ७५ किलोमीटरच्या कामाची निविदा निघाली, काम सुरू झाले, थांबले. एकाहून अधिक ठेकेदार ते अर्धवट सोडून गेले. एका बाजूचा रस्ता खणलेला आणि दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहतूक ही स्थिती मग महिनोन्‌महिने राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे पारनेरचे आमदार नीलेश लंके जिल्ह्यातल्या रस्त्यांसाठी उपोषणाला बसले, त्या मागण्यांत हा मार्ग ठळक होता. पुढे ते खासदार झाले, तरी रस्त्याचा प्रश्न मिटला नव्हता. पक्ष कुठलाही असो, या रस्त्यावर आंदोलन केल्याशिवाय उत्तर नगर जिल्ह्यातली निवडणूक पुरी होत नाही, अशी स्थिती आहे.

ठेकेदार काम सोडून का जातात, यावर लोक एका वाक्यात निकाल देतात आणि तो अगदीच चूक नसतो. पण सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची पद्धत आणि रस्त्याची प्रत्यक्ष परिस्थिती यांचा मेळ पाहायला हवा. कागदावर दर प्रतिकिलोमीटर असतो. जागेवर मात्र चोवीस तास वाहणारी जड वाहतूक असते, जलवाहिन्या आणि विजेचे खांब असतात, गावोगावची अतिक्रमणे असतात, तीन नद्यांचे पूल असतात आणि जून ते सप्टेंबर काम बंद. वाहतूक वळवायची तर कुठे? श्रीरामपूरवरून, नेवाशावरून किंवा संगमनेरवरून ट्रक सोडले की ते रस्तेही फुटतात आणि तिथली गावे रस्त्यावर येतात. जड वाहतूक वळवण्याचे आदेश वेळोवेळी निघतात. दिवसा पाळले जातात, रात्री ट्रकवाला सरळ वाटच धरतो. अशा कामाला कमी दर भरणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा त्याला काम पुरे करायचेच नसते. हे निविदा उघडणाऱ्यांना कळत नाही, असे मानायला मी तयार नाही.

उपाय म्हणून जे सुचवले जाते त्याकडेही थोडे परखडपणे पाहायला हवे. काँक्रिटीकरण हा सध्या सर्वांचा लाडका उपाय आहे. पाण्याला आणि वजनाला काँक्रीट डांबरापेक्षा बरे टिकते, हे खरे. पण काळ्या मातीवर पाया कच्चा ठेवून ओतलेले काँक्रीट तडकते आणि ते दुरुस्त करणे डांबराहून कितीतरी अवघड. शिवाय रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. आज खड्ड्यांमुळे मरणारी माणसे उद्या वेगामुळे मरतील, जर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि ताशी शंभरने येणारी मोटार त्याच मार्गिकेत राहिली तर. बाभळेश्वर, राहाता, कोल्हार, राहुरी फॅक्टरी इथे सेवारस्ते आणि उसाच्या फाट्यांवर भुयारी किंवा स्वतंत्र मार्ग नसतील, तर चौपदरी असो की सहापदरी, अपघाताची जागा फक्त शंभर मीटर पुढे-मागे सरकेल.

बाह्यवळणांचा अनुभव मात्र आशादायक आहे. नगरभोवती विळदपासून निंबळक, नेप्ती, केडगाव, अरणगाव असे वळण झाल्यावर परराज्यातला ट्रक शहरात शिरण्याचे कारण उरले नाही. सावेडी-नागापूरची गर्दी त्याने संपली नाही, पण तिचे स्वरूप शहरी झाले आणि शहरी गर्दीला शहराचे उपाय लागू पडतात : सिग्नल, पदपथ, शहर बस. मनमाड रोडवर चारांपैकी एक वाहतूक बाजूला काढण्याचा हा एकमेव पुरा झालेला प्रयोग. शिर्डीच्या बाह्यवळणामागेही तोच विचार आहे. कोल्हार आणि राहुरीसाठी तसा गंभीर विचार व्हायला हवा. बाजारपेठेचा धंदा जाईल ही भीती व्यापाऱ्यांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे, पण न थांबणारा ट्रक दारावरून गेला म्हणून दुकानाची विक्री वाढत नाही.

मोठे नवे महामार्ग हा भार उचलतील का? समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाला. तो पूर्व-पश्चिम आहे. मनमाड रोड उत्तर-दक्षिण. समृद्धीने या रस्त्याचा ट्रक कमी केला नाही, उलट विदर्भातून शिर्डीला येणे सोपे केले आणि दर्शनानंतर शिंगणापूरला निघालेली गाडी शेवटी राहुरीच्याच वाटेला लागली. २०१७ मध्ये शिर्डीजवळच्या काकडीचे विमानतळ सुरू झाले, त्यानेही तेच. सुरत-चेन्नई हरित महामार्गाचा आराखडा राहुरी, नगर या तालुक्यांतून आखला गेला, त्यावर भूसंपादनाचे वाद झाले. तो पुरा झाला तरी गुजरातची वाहतूक घेईल. इंदूर-धुळ्याकडून येणारा ट्रक मालेगाव-मनमाडवरूनच येणार, कारण भूगोल बदललेला नाही.

राहता राहिली रेल्वे. दौंड-मनमाड मार्गाचे दुहेरीकरण अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने होत आले आहे. शतकाहून अधिक काळ एकेरी राहिलेला हा मार्ग, उत्तर-दक्षिण मालाला रस्त्याइतकाच सरळ. रस्त्याच्या प्रश्नावर बोलताना त्याचा उल्लेख जवळपास कुणीच करत नाही. फरशी, सिमेंट, लोखंड, खत, धान्य हा माल डब्यातून जाण्याजोगा आहे. त्यासाठी नगर, बेलापूर आणि कोपरगावच्या मालधक्क्यांना रात्रंदिवस चालणारी यंत्रे, गोदामे आणि चांगले जोडरस्ते लागतील. एका उड्डाणपुलाच्या खर्चात असे किती धक्के सुधारतील, याचा हिशेब जिल्हा नियोजन समितीने एकदा मांडायला हरकत नाही.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला येणारा भाविक शिर्डीला जातोच, म्हणून या मार्गाची कामे तोवर संपवण्याची घाई सुरू झाली आहे. घाईने कामाला वेग येतो, हा आपला राष्ट्रीय अनुभव आहे, आणि घाईत गटारे राहून जातात हाही. सध्याच्या कामात कोल्हार ते राहुरी या काळ्या मातीच्या टप्प्यात पाया किती खोल घेतला, चाऱ्यांचे पाणी रस्त्याखालून काढायला मोऱ्या किती ठेवल्या आणि कारखान्यांच्या फाट्यांवर ट्रॅक्टरला वेगळी वाट दिली का, हे तीन प्रश्न विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. उत्तरे कामाच्या नकाशावर असतात आणि नकाशा माहितीच्या अधिकारात मिळतो. कोपरगाव-येवला बाजूच्या ७५२ जी ला हेच प्रश्न लागू आहेत. तिथे उसाच्या जोडीला कांद्याचे ट्रॅक्टर आहेत आणि ते बाजार समितीच्या लिलावाच्या वेळेला, सकाळीच, सगळे एकदम रस्त्यावर येतात.